रंधा मशीन लावून देणाऱ्या मेस्त्रीकाकांना

तीर्थस्वरूप मेस्त्रीकाका यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या वर्कशॉपमधलं बारा इंची रंधा मशीन तुम्ही लावून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते असं मशीन असलेल्या प्रत्येक सुताराच्या उपयोगाचं आहे. मशीन चालू करून पैसे घेऊन जाणारे पुष्कळ मिळतात. तुम्ही प्रत्येक बोल्टामागचं कारण सांगितलंत आणि मग तोच बोल्ट मुलांच्या हातून आवळून घेतलात.

फळीच्या शेपटाला, म्हणजे मशीनमधून शेवटी निघणाऱ्या टोकाला, दोन-अडीच इंच लांबीचा खड्डा पडतो, ही या मशीनची नेहमीची तक्रार. बहुतेक जण पात्यांच्या धारेला दोष देऊन मोकळे होतात. तुम्ही थेट मागच्या टेबलाकडे गेलात. (फिरत्या पात्यांच्या दोन बाजूंना दोन टेबलं: पुढच्यावरून फळी घालायची, मागच्यावर रंधलेली निघते.) पातं फिरताना सगळ्यात वर येतं, त्या उंचीला मागचं टेबल नेमकं असायला हवं. ते खाली असलं तर रंधलेला भाग टेबलावर टेकतच नाही. शेपूट पुढच्या टेबलावरून सुटलं की फळी खाली बसते आणि पाती तिथे जास्त खातात. टेबल वर असलं तर फळीचं टोक त्याच्या ओठाला, म्हणजे पात्यांकडच्या कडेला, अडतं. जोर लावून चढवलीच, तर सुरुवातीला खोल आणि पुढे उथळ असा उतरता रंधा बसतो. म्हणजे फळीचा खड्डा किंवा उतार पाहूनच टेबल कुठल्या बाजूला चुकलंय ते कळतं.

टेबल जुळवायची तुमची काठीची पद्धत इथे नीट लिहितो. आधी मेन स्विच बंद, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. इंचभर रुंद आणि फूटभर लांब, सरळ रंधलेली काठी मागच्या टेबलावर अशी ठेवायची की तिचं टोक कटर ब्लॉकच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या रुळाच्या, वर येईल. टेबलाच्या ओठाशी काठीवर पेन्सिलची खूण करायची. मग पट्ट्याची पुली धरून ब्लॉक त्याच्या चालीच्या दिशेने सावकाश फिरवायचा. पातं काठीला पकडून पुढच्या टेबलाकडे ओढतं आणि सोडून देतं. ओठाशी पुन्हा खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर 3 मिमी आलं की काम बरोबर.

हे तीनच का, तेही तुम्ही फळ्यावर आकडे मांडून दाखवलंत. 75 मिमी व्यासाच्या ब्लॉकला 3 मिमी ओढ म्हणजे पातं टेबलापेक्षा जेमतेम 0.03 मिमी वर. ओढ 6 मिमी झाली तर उंची दुप्पट नाही, चौपट होते, म्हणजे 0.12 मिमी, आणि तेवढ्यावर शेपटाचा खड्डा बोटाला लागतो. जो फरक डोळ्याला दिसत नाही, तो काठीवर शंभरपट मोठा होऊन दिसतो. हजारो रुपयांचं गेज न घेता इतकं बारीक माप मिळतं, याचं आम्हाला अजून अप्रूप वाटतं.

हे माप प्रत्येक पात्याला डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घ्यायचं. आधी पाती एकमेकांशी जुळवायची, टेबल त्यानंतर. टेबलाचा लॉक आवळल्यावर काठी पुन्हा एकदा लावायची, कारण लॉक आवळताना टेबल केसभर सरकतंच.

पाती एकसारखी नसली तर काय होतं, याचाही हिशेब लिहून ठेवलाय. ब्लॉक मिनिटाला 4500 फेरे घेतो, पाती तीन आणि फळी मिनिटाला 6 मीटर सरकते असं धरलं, तर दर 0.44 मिमीला एक काप पडतो. तो पॉलिशखाली दिसत नाही. एकच पातं वर असलं तर शेवटचा हात तेच मारतं, आणि खुणा 1.33 मिमीवर येतात. मग पॉलिश लावल्यावर उजेडात लाटा दिसतात आणि सँडिंग करणाऱ्याचा दिवस जातो. शिवाय त्या एकट्या पात्याची धार इतरांच्या आधी मरते, ते वेगळंच.

पाती बसवताना आधी ब्लॉकमधली पात्याची खाच रॉकेलने आणि ब्रशने साफ करायची. पाइनचा चीक आणि सागाचा भुस्सा खाचेत दाबून बसतो, त्यावर पातं तिरकं टेकतं. पातं ब्लॉकच्या बाहेर साधारण 1 मिमी, जास्त नाही. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत आवळायचे: आधी नुसते टेकवून, मग अर्धे, मग पूर्ण. एका टोकापासून आवळत गेलं की पातं पुढे सरकतं आणि मध्ये फुगतं. आमच्या मशीनच्या पाचरीतले, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या पट्टीतले, बोल्ट बाहेर काढल्यासारखे फिरवले की घट्ट होतात. ही गोष्ट तुम्ही तीनतीनदा का सांगितलीत ते आता कळतं. नेहमीच्या सवयीने उजवीकडे फिरवणाऱ्याला वाटतं आपण आवळतोय, आणि तो पातं सोडत असतो. आता मशीनच्या झाकणावर रंगाने बाण काढून ठेवलाय. पहिल्यांदा चालू करताना फळीच्या वाटेत न उभं राहता बाजूला उभं राहायचं, दहा मिनिटं रिकामं चालवायचं, प्लग काढायचा आणि सगळे बोल्ट परत तपासायचे.

धारेहून आलेली पाती काट्यावर तोलायची, हे तर इथे कुणी ऐकलंही नव्हतं. एकाचं वजन दोन-तीन ग्रॅमनी कमी असलं, तर त्या वेगाला ब्लॉक थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातं. म्हणून तिन्ही पाती एकत्रच धारेला द्यायची आणि वजन सारखं करून मागायची. एकच बोथट झालंय म्हणून ते एकटंच देऊ नये.

मोटरच्या बाबतीत तुम्ही वाचवलेला खर्च आम्ही विसरणार नाही. मोटर जळाली की बाजारात मिळेल ती बसवतात. 2880 फेऱ्यांच्या मोटरवर 5 इंची पुली आणि ब्लॉकवर 3 इंची, म्हणजे ब्लॉकचे 4800 फेरे. त्याच पुल्यांवर 1440 ची मोटर लावली की ब्लॉक 2400 वर येतो. मशीन फिरत असतं, आवाजही शांत येतो, पण लाकडाच्या रेषा उपटायला लागतात आणि शिव्या पात्यांना बसतात. 1440 चीच ठेवायची असेल तर तिच्यावर 8 इंची आणि ब्लॉकवर अडीच इंची पुली घालायची, 4600 च्या आसपास फेरे मिळतात. दोन हॉर्सपॉवरच्या सिंगल फेज मोटरला वायर 2.5 चौरस मिमी तांब्याची हवी. बारीक एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं, सुरू होतानाच मोटर गुरगुरते आणि गरम होते.

फळी घालताना पोकळ बाजू खाली, म्हणजे ती दोन्ही टोकांवर टेकते आणि डुगडुगत नाही. कडेवरच्या रेषा शेपटाकडे खाली उतरत्या असाव्यात. उलट घातली की ढलप्या उपटून निघतात. फणसाच्या लाकडात रेषा गुंफलेल्या असतात, कुठूनही घातलं तरी उपटतं. तिथे एका वेळी अर्धाच मिमी घ्यायचा आणि फळी सावकाश सरकवायची. जुन्या वाड्याच्या सागाला आधी लोहचुंबक फिरवायचं. आत मोडलेला एक खिळा तिन्ही पात्यांना खाच पाडतो, आणि ती खाच प्रत्येक फळीवर लांबलचक उंचवटा सोडते. तेवढ्यापुरता तुमचा उपाय असा: एक पातं मिमीभर उजवीकडे, एक डावीकडे सरकवून बसवायचं, मग एकाची खाच दुसरं झाकतं. धारेचा दिवस येईपर्यंत काम निभतं.

पावसाळ्यात कोकणात बिडाच्या टेबलावर रातोरात गंज चढतो. रॉकेलने पुसून वर साधं मेण चोळायचं. सिलिकॉनचा स्प्रे मारायचा नाही, तो लाकडाला लागतो आणि त्यावर पॉलिश धरत नाही, गोल खळगे म्हणजे ‘डोळे’ पडतात.

सुरक्षेबद्दल तुम्ही कडक बोललात ते बरं केलंत. फूटभरापेक्षा आखूड तुकडा या मशीनवर घालायचा नाही, तो हातरंध्यावर. हातमोजे नाहीत, लोंबती बाही नाही, ओढणी नाही. झाकण काढून काम भरभर होतं म्हणणाऱ्यांची बोटं मोजून बघा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मुलं गप्प झाली. त्या दिवसापासून ढकलायचे दोन ठोकळे मशीनच्याच खिळ्यावर टांगलेले असतात, आणि ते हातात नसले तर स्विच दाबला जात नाही.

दिवाळीनंतर बँडसॉ (चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत) लावायचा विचार आहे. तेवढ्यासाठी एक दिवस काढून या, अशी आग्रहाची विनंती. चाकांवरचं रबर फाटलंय का ते पाहून ठेवतो, आणि तुम्ही म्हणाल त्या मापाची पट्टी आणून ठेवतो. जेवण आमच्याकडेच.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
वर्कशॉपमधले सगळे