२४ सप्टेंबर : एनएसएस दिन, सर्व स्वयंसेवकांसाठी सूचना

मित्रमैत्रिणींनो,

येत्या २४ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता महाविद्यालयाच्या सभागृहात राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) दिन आहे. प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या सर्व स्वयंसेवकांनी हजर राहावे. नव्यांना बॅज तेव्हाच मिळेल. तो छातीवर लावण्याआधी त्याचा अर्थ ठाऊक असावा, असे मनापासून वाटते.

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. बॅजवरचे चाक कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचे. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर : हाक आली की घड्याळ न बघता निघायचे. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे ब्रीद नुसते घोषणेसाठी नाही. फोटोपुरते येऊन निघून जाणे त्यात बसत नाही.

– डायरी आणा. सेवेचे वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. न केलेले तास कृपया लिहू नका.
– नंतर ११ पर्यंत परिसर स्वच्छता. खराटे, हातमोजे मिळतील. टोपी आणि पाण्याची बाटली आपापली.
– सात दिवसांच्या निवासी शिबिराची नावनोंदणी तिथेच होईल. पालकांचे संमतिपत्र हवेच.

येणे शक्य नसेल तर आदल्या दिवशी गटप्रमुखांना कळवा.

– विद्यार्थी प्रतिनिधी, एनएसएस एकक