घरच्या भाजीबागेला मार्गदर्शन हवे

महोदय,

द्राक्षे आणि कांद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशिकमध्ये गच्चीवर प्रथमच भाजीपाला लावणारे अनेक जण एकाच हंगामात निराश होऊन कुंड्या रिकाम्या करतात, ही मनाला लागणारी बाब आहे. दोष बहुधा त्यांच्या कष्टांत नसतो. आपल्याकडची काळी माती कुंडीत घट्ट बसते, पाण्याचा निचरा होत नाही आणि मुळे कुजू लागल्याने रोप मलूल दिसले की नवखा माणूस आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांपलीकडे गेल्यावर टोमॅटोची फुले गळतात. मिरचीवर फुलकिडे आणि कोळी या बारीक किडींमुळे बोकड्या पडतो, म्हणजे पाने आकसून मुरडतात; त्यावर बुरशीनाशकाचा उपयोग नसतो. दुधी-दोडक्याच्या वेलावर सुरुवातीला बहुतेक नर फुलेच येऊन गळतात, हे कोणी न सांगितल्याने निरोगी वेल उपटले जातात, याचे मला विशेष वाईट वाटते.

बियाण्यांच्या लहान पाकिटांवर पेरणीचा हंगाम ठळक मराठीत छापला जावा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे. त्याने रोपवाटिकाचालकांना सोबत घेऊन दरवर्षी मृगापूर्वी शहरातील नवख्यांसाठी रविवारचे प्रात्यक्षिक वर्ग भरवावेत, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक