गिऱ्हाईक नसताना बांधलेलं घर

संपादक महोदय,

नोकरी सांभाळून घर बांधायचं आणि विकायचं, हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मी तसं एक घर बांधलंय, म्हणून हे पत्र.

मिस्त्री चांगला मिळाला. फसलो ते व्याजात. बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं, तरी उचललेल्या रकमेवर व्याज त्याच दिवसापासून सुरू. घर पूर्ण झालं आणि 7 महिने रिकामं राहिलं. विमा, कर, वीजबिल चालूच. दर रविवारी जाऊन मी नळ सोडायचो, खिडक्या उघडायचो, पायरीवरची पानं झाडायचो. (स्लॅबला पाणी मारायच्या दिवसांत तर ऑफिसला दांड्या झाल्या; सिमेंटला आपली रजा शिल्लक आहे का, याच्याशी काय देणंघेणं!)

एक बाई घर बघायला आल्या. स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या, "ओट्यावर उजेड कुठून येणार?" आराखड्यावर 4 महिने डोळे फोडले होते, हे मात्र सुचलं नव्हतं.

विक्रीला वर्ष लागेल असं धरून व्याज मांडा, मगच नफा बघा. मी उलटं केलं. शेवटी ओट्यासमोरची भिंत फोडून खिडकी काढली, तेव्हा कुठे घर गेलं. खिडकीचा खर्च अर्थातच माझ्याच खिशातून.

आपला,
एक नोकरदार वाचक