पोटदुखीचे औषध अंदाजाने नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात आपल्या खान्देशात मुलांचे पोट दुखू लागले, की अनेक घरांत मोठ्या भावंडाची उरलेली बाटली काढून चहाच्या चमच्याने औषध पाजले जाते, ही फार काळजीची गोष्ट आहे. मुलाची मात्रा वजनावर ठरते आणि घरातले चमचे लहानमोठे असतात. म्हणून बाटलीसोबतचे मापच वापरावे. पोटातील कळ थांबवणारे डायसायक्लोमिन सहा महिन्यांखालील बाळाला तर देऊच नये, कारण त्याने श्वास अडखळू शकतो. दुखणे उजवीकडे खाली सरकले, उलटी हिरवी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर एरंडेल मुळीच न पाजता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. औषध दुकानदारांनीही चिठ्ठीशिवाय अशी बाटली देऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, चोपडा (जि. जळगाव)