बाबा, बॉल बघू नका

डब्लिन, ओहायो

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात 'जीए' (ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम) व्हायला चाललोय म्हणालास आणि मी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला. ते काही बरोबर झालं नाही. समोरासमोर बोलताना माझं गाडं पगार आणि इन्शुरन्सपाशी अडतं, म्हणून लिहायला बसलोय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो. लागू दे.

पगाराचं एकदाच बोलून टाकतो. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे फी माफ, हातखर्चापुरतं मानधन, आणि पहाटेपासून समोरच्या संघाची फिल्म कापत बसायचं. त्यांच्या चाली कार्डांवर काढून सरावाला द्यायच्या. वर स्वतःचा अभ्यास. पुढे कोणी ठेवून घेईल याची खात्री नाही. आणि हेड कोचला काढलं की बहुतेक वेळा सगळ्या स्टाफचं बिऱ्हाड उचलतं, लाइन कोचचं, म्हणजे पुढच्या फळीला शिकवणाऱ्याचं, काम कितीही चोख असो. हे तुला माहीत आहेच. मलाही माहीत आहे, एवढंच तुला कळावं.

तू नववीत असताना तुझी पहिली मॅच बघायला आलो होतो. तासभर मी चेंडूमागे डोळे फिरवत होतो आणि तू कुठे दिसतच नव्हतास. घरी येताना गाडीत तू वैतागून म्हणालास, "बाबा, बॉल बघू नका. पुढे वाकलेल्या चौघांचे हात बघा." पुढच्या शुक्रवारी हात बघितले, आणि मला थेट कोल्हापूर आठवलं. आमच्या गल्लीतल्या तालमीत माझे चुलते वस्ताद होते. पोरगा कितीही ताकदीचा असो, आधी त्याच्याकडून मनगटं सोडवून घ्यायचे. हात आत गेला तर कुस्ती तुझी, बाहेर राहिला तर त्याची. समोरच्याचे हात झटकायच्या तुमच्या त्या क्लब, रिप, स्विम डावांचा हिशोब काही वेगळा नाही. फक्त इथे लाल मातीऐवजी गवत, आणि समोरचा दीडशे किलोचा.

गेले दोन महिने मी ओहायो स्टेटच्या लाइन कोचबद्दल, लॅरी जॉन्सनबद्दल, मिळेल ते वाचतोय. (आई म्हणते, स्वतःच्या प्रमोशनसाठी एवढं वाचलं असतं तर!) आपल्या घरापासून अर्ध्या तासावर या माणसाने इतकी वर्षं काम केलं आणि मला तो फक्त टीव्हीवर टोपी घालून उभा असलेला माणूस म्हणून ठाऊक होता. मेरीलंड आणि व्हर्जिनियातल्या हायस्कुलांत त्याने साधारण वीस वर्षं काढली. कॉलेजची नोकरी मिळाली 1996 मध्ये, पेन स्टेट विद्यापीठात, तेव्हा वय चाळिशीच्या पुढे. तिथे त्याच्या हाताखालून कोर्टनी ब्राउन गेला, 2000 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात तो) सगळ्यात आधी निवडलेला खेळाडू. पुढे टांबा हाली. 2011 मध्ये तिथल्या एका जुन्या कोचने मुलांवर केलेल्या अत्याचारांचं ते भयंकर प्रकरण बाहेर आलं, हेड कोच पटर्नोंना काढलं, नवा कोच आला, आणि त्याने जुन्या स्टाफपैकी दोघांनाच ठेवलं. त्यातला एक हा.

2014 च्या सुरुवातीला तोही कोच गेला. जॉन्सनला हंगामी हेड कोच केलं, खुर्ची मात्र दुसऱ्याला दिली. अठरा हंगाम एका जागी काढलेला माणूस मग इथे कोलंबसला, ओहायो स्टेटला आला, पुन्हा लाइन कोच म्हणूनच. पुढे काय झालं ते तू मला पाठ करून दाखवशील: ड्राफ्टमध्ये जोई बोसा 2016 मध्ये तिसरा, निक बोसा 2019 मध्ये दुसरा, चेस यंग 2020 मध्ये दुसरा.

या सगळ्यात माझं मन अडकलं ते 5 डिसेंबर 2020 वर. हेड कोच रायन डेला कोविड झाला, म्हणून मिशिगन स्टेटविरुद्ध त्या एका शनिवारपुरता जॉन्सन हेड कोच झाला. ओहायो स्टेटच्या फुटबॉल संघाची सूत्रं कृष्णवर्णीय माणसाच्या हाती येण्याची ती पहिलीच वेळ. 52-12 ने जिंकले. आणि मग परत आपल्या चौघांच्या मागे जाऊन उभा, हात कुठे लागला ते बघत. मी असतो तर तो शनिवार आयुष्यभर उगाळला असता.

पगार त्याला पुढे वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर मिळाला म्हणे, पण तो आकडा बघून तू जाऊ नकोस. वीस वर्षं हायस्कुलात काढताना त्याला तरी कुठे दिसत होता तो?

मला खरं विचारायचंय ते असं. आपल्या घराण्यात सगळे नाकासमोर चालणारे, तू तर नोझ टॅकलच झालास, चौघांतला मधला. समोरचे सेंटर आणि गार्ड दोघंही अंगावर घ्यायचे, म्हणजे आपला मागचा लाइनबॅकर मोकळा सुटतो, चेंडूवाल्याला पाडल्याचं श्रेय त्याच्या नावावर लागतं आणि टाळ्याही त्याला. खेळताना ते तुला आवडायचं, मी बघितलंय. पण कोच झाल्यावर तुला कोऑर्डिनेटर (सगळ्या बचावाचा किंवा आक्रमणाचा प्रमुख), मग हेड कोच असं चढत जायचंय, की त्या चौघांच्या मागेच राहायचंय? दोन्हीत वाईट काही नाही. फक्त चढायचंच असेल तर लाइन हा वळसा आहे असं मला वाटतं, आणि राहायचं असेल तर माझी काही तक्रार नाही. "बघू" मी परत घेतो.

एक भीती मात्र आहे. तू लाजाळू आहेस, आणि पुढे पूर्णवेळ कोच झालास की रिक्रूटिंगसाठी, म्हणजे संघात नवी पोरं मिळवायला, अनोळखी लोकांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसायचं, पोराच्या आईला विश्वास द्यायचा. वस्तादांना पोरं घरबसल्या मिळायची, बापच कान धरून आणून सोडायचे. तुला दारं वाजवावी लागतील. आईचं म्हणणं, तो जेवणाला नाही म्हणत नाही, त्यामुळे जमेल.

होंडाची पुढची दोन्ही टायरं बदलून घेतली आहेत. ब्रेक शनिवारी बघतो. ऑगस्टमध्ये जाशील तेव्हा मी निम्म्या वाटेपर्यंत चालवीन, परत येताना बसने येईन. आणि निघायच्या आधी मागच्या अंगणात तो रिप मला एकदा हळू करून दाखव. डावा खांदा सोडून.

तुझा,
बाबा