फोटोनेच लेखाला खोटं पाडलं

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगवरचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनास्थळांवरचा, लेख वाचला. सालं सगळी बरोबर आहेत, त्याबद्दल लेखिकेचे आभार. शआर हारहामीम १७९६, ठाण्याचं शआर हाशामाईम १८७९, काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू १८८४. झुंबरं आणि रंगीत काचांचं वर्णनही यथासांग. पण पुढे 'शनिवारी या वास्तू तासाभरासाठी जाग्या होतात, एरवी त्या झोपलेल्याच असतात' हे वाक्य आलं आणि हे पत्र लिहायला बसावं लागलं.

शेजारी छापलेला फोटो आपल्या कचेरीत कुणी नीट पाहिला होता का? खाली ओळ आहे, 'शब्बाथच्या प्रार्थनेत मग्न ज्येष्ठ नागरिक'. या ज्येष्ठ नागरिकांच्या कपाळावर काळी चौकोनी डबी आहे आणि डाव्या हाताला चामड्याचा पट्टा गुंडाळलेला आहे. ही तेफिलिन. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तेफिलिन बांधत नाहीत, ती रविवार ते शुक्रवार सकाळच्या प्रार्थनेत बांधतात. म्हणजे फोटो आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या सकाळचा. शनिवारी आत कॅमेरा काढला असता तर आमच्या शमाशने, म्हणजे सिनेगॉगच्या सेवकाने, छायाचित्रकाराला दंडाला धरून फाटकापर्यंत पोचवलं असतं. तेव्हा वास्तू झोपलेली असताना हे गृहस्थ आत काय करत होते, एवढं तरी विचारायचं होतं.

प्रार्थना रोज असते. सकाळी शाखरीत, दुपारनंतर मिन्हा, रात्री अरबीथ. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, काढून वाचनही होतं. सगळ्या सिनेगॉगमध्ये हे रोज जमतं असा माझा दावा नाही. अलिबाग-रेवदंड्याकडची आमची बहुतेक घरं १९४८ नंतर इस्रायलला गेली, तिकडे रोजची दहा माणसं कुठून आणणार? आणि सगळं अडतं ते या दहांवरच. तेरा वर्षांपुढचे दहा ज्यू पुरुष जमले की मिन्यान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेची गणसंख्या, झाला. नऊ असले तर ज्याने त्याने आपापली प्रार्थना म्हणावी. त्यात कद्दीश आणि केदुशा या सामुदायिक प्रार्थना नाहीत, तोराचं वाचन नाही. लेखात झुंबरांवर अख्खा परिच्छेद आणि मिन्यानबद्दल अवाक्षर नाही.

माझी आई गेली त्या वर्षीची गोष्ट. आईवडिलांसाठी अकरा महिने कद्दीश म्हणतात. त्यात मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती, पण ती एकट्याने म्हणता येत नाही, आमेन म्हणणारे हवेत. त्या गुरुवारी आम्ही नऊच होतो. दहावे मीरा रोडहून यायचे आणि लोकल रखडलेली. शेवटी थांबून थांबून सुरुवात केली. तेवढ्यात हेरिटेज वॉकवाले आले. तीसेक माणसं असतील. सिनेगॉग गच्च भरलं आणि आमचा आकडा नऊचा नऊच! गाइडबाई आमच्याकडे हात करून सांगत होत्या, 'ही कम्युनिटी आता जवळजवळ संपलीय.' निदान आवाज तरी खाली ठेवायचा होता.

आम्ही अमिदात, म्हणजे उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत, होतो. अमिदा पाय जुळवून, यरुशलेमकडे म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला तोंड करून, मनातल्या मनात म्हणतात. मध्ये बोलायचं नाही, जागा सोडायची नाही. एका तरुणाने माझ्या खांद्यावर टकटक केलं. 'काका, थोडं बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.' मी काय उत्तर देणार? तो मागे वळून मैत्रिणीला म्हणाला, 'ऐकू येत नसावं.' मला अजूनही उत्तम ऐकू येतं.

मीरा रोडवाले धापा टाकत पोचले तोवर आमच्यातले दोघे ऑफिसची गाडी गाठायला निघून गेले होते. त्या दिवशी सकाळी आईचा कद्दीश राहिला.

माझी मुलगीही तेव्हा हजर होती. ती माझ्यापेक्षा स्वच्छ हिब्रू वाचते, पण दहात तिला मोजत नाहीत. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत १९२५ सालीच उदारमतवादी विचारांची ज्युईश रिलिजियस युनियन काढली, हे ती मला जेवताना ऐकवते आणि माझ्याकडे उत्तर नसतं. पण तो आमच्या घरातला वाद आहे, त्यावर कृपा करून पुरवणी काढू नका.

वॉकला माझा विरोध नाही. लोकांनी यावं, आमची मराठी ऐकून चकित व्हावं (अजूनही होतात, कोकणात इतकी शतकं काढून!), वाटल्यास झुंबरंही पाहावीत. फक्त दहानंतर या. सकाळची प्रार्थना तोवर आटोपलेली असते. फोटोखालच्या ओळीची दुरुस्तीही छापावी, जमल्यास झुंबरांइतक्याच ठळक टाइपात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे

ता. क. आपल्या सणांच्या चौकटीत योम किप्पुर हा आमचा उपासाचा दिवस दरवर्षी दोनऐवजी एकाच तारखेखाली असतो. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे उपास आदल्या संध्याकाळीच लागतो. हे मी पूर्वीही कळवलं होतं. आपल्या अंकात 'उद्या योम किप्पुर' असं वाचून शेजारच्या वहिनींनी मागे एकदा आम्हाला आदल्या रात्री आग्रहाने जेवायला बोलावलं. पानं वाढून झाली होती. त्यांची समजूत काढायला मला जावं लागलं, आपल्याकडून कुणी आलं नाही.