बंद खोलीतली हवा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

नव्या खोलीला एकच खिडकी आहे आणि एसीमुळे तीही बंद असते, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हापासून तेच मनात घोळतंय. भिंतीवरचा एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. खोलीतलीच ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. म्हणजे तू आणि तुझी मैत्रीण रात्रभर एकमेकींनी सोडलेला श्वासच आत घेता. एकीला फ्लू झाला, तर तो दुसरीला लागायला याहून सोयीची जागा नाही.

हात धुण्यात तू कधी कसूर करत नाहीस. पण क्षय, गोवर, कोविड हवेतून पसरतात. बोलताना, अगदी नुसता श्वास सोडतानाही सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली या डॉक्टरांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डमधली हवा नळांतून गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णांची आणि प्राण्यांची गाठही पडली नव्हती, तरी गिनीपिगांना क्षय झाला. ज्यांना अतिनील किरणांखालून गेलेली हवा मिळाली, ते बचावले. हवा शुद्ध केली की लागण थांबते, हे तेव्हाच दिसलं होतं. इतकी वर्षं आपण ते मनावर घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खिडकी थोडी तरी उघडी ठेव, झोपतानासुद्धा. शक्य असेल तेव्हा समोरचं दारही उघड, म्हणजे हवा खेळती राहील. बाहेर धूर-धूळ असेल त्या दिवशी हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) प्युरिफायर लाव. मात्र तो खोलीच्या आकाराला पुरेसा हवा. ओझोन सोडणारं यंत्र कुणी कितीही गळी उतरवलं तरी घेऊ नकोस, त्याने फुप्फुसांनाच त्रास होतो. गर्दीच्या बंद जागी एन-९५ मास्क, नाकाशी घट्ट बसलेला.

सोबत कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर पाठवतो आहे. हा वायू आपल्या श्वासातून बाहेर पडतो, म्हणून त्याच्या आकड्यावरून खोलीत सोडलेला श्वास किती साचलाय ते कळतं. मोकळ्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, दाखवेल. खोलीत ८००च्या आत राहिला तर उत्तम. दीड हजाराच्या वर गेला, तर हवा कोंडली आहे असं समज. प्युरिफायरने हा आकडा उतरत नाही, कारण तो कण गाळतो, वायू नाही. त्यामुळे गोंधळू नकोस.

एक रात्र खिडकी बंद ठेवून आणि एक रात्र उघडी ठेवून, सकाळी उठल्याबरोबर दिसलेले दोन्ही आकडे मला कळव. मैत्रिणीलाही दाखव.

तुझे,
बाबा